सदाचा डबा आणि तो ओढणारी गाडी

"बाई उतरवा आधी! बाईसकट काटा करत नाय मी."

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवरचा काटेवाला असा ओरडत होता की खाडीपलीकडे मुलुंडला लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असतील. वजनकाट्यावर तुझा डबा उभा होता. डब्यात नलूवहिनी खाटेवर आडव्या पडून होत्या, पुढे भाड्याचा ट्रॅक्टर धूर सोडत होता आणि मागे कांद्याबटाट्याचे अठरा ट्रक हॉर्न वाजवत होते. अठरा म्हणजे, मी मोजले नव्हते. तू खिडकीशी गेलास, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसलास आणि म्हणालास, "बाईसकटच घ्या. घाटात तिला उतरवून ठेवता येणार नाही."

"अहो, पण पावतीवर माल काय लिहू?"

"बायको लिहा."

त्यानं 'घरसामान' लिहिलं. आतून वहिनींनी विचारलं, "किती भरलं हो?" आणि तू, सदाशिव, बावीस वर्षांच्या संसारात मुरलेला माणूस, पावती घडी घालून खिशात टाकत म्हणालास, "गाडीचंच जास्त आहे."

सदा, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तू कुठे जन्मलास, किती शिकलास, पश्चात कोण कोण, ते सगळं सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरीनं खडूनं लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पुसून तिथे टाकी धुण्याची सूचना आली. मला त्यात भर घालायची नाही. मला दुसरंच टेन्शन आहे. काल वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "भाऊजी, संक्रांतीला आईकडे जायचंय. हे नाहीत. गाडी तुम्ही चालवाल ना?"

मी म्हणालो, "त्यात काय विचारायचं."

म्हणजे नेहमीसारखं तोंड आधी बोललं. आता तुझ्याशी बोलल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही, आणि तू काही मध्येच तोडणार नाहीस, हे त्यातल्या त्यात बरं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांना पंधरा मिनिटांपलीकडे बसता येईना. उभं राहता येई, आडवं होता येई, बसणं तेवढं गेलं. माहेर वाईच्या बाजूला, वाटेत तीन घाट. तिथे त्यांची आई, नव्वदीच्या आसपासची, डोळ्यांनी अधू, तिला इकडे आणणं अशक्य. सहा वर्षं मायलेकींची भेट नाही. खाली एसटीडी बूथवर वहिनी उभ्यानंच फोन लावायच्या, तिकडे पोस्टमास्तर म्हातारीला बोलवायला माणूस धाडायचा, आणि ती येईपर्यंत इकडे मीटरवरचे आकडे पळायचे. कुणीतरी सुचवलं, ॲम्ब्युलन्स करा. वहिनी म्हणाल्या, "आईच्या दारात मी ॲम्ब्युलन्समधून उतरले तर मला हात लावायच्या आधी तीच जाईल."

 रबाळ्याच्या तुझ्या शेडमध्ये टेम्पोच्या बॉड्या बनायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिथे एका कोपऱ्यात दोन चाकांचा एक सांगाडा उभा राहिला. अँगलची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि पिस्ता रंगाचं रेक्झिन. पुढे गाडीला अडकवायला लोखंडी दांडा. आत खाट, खाटेला स्प्रिंगा, संडास, पाण्याची टाकी, चूल. खाटेच्या उंचीला बरोबर एक खिडकी, म्हणजे आडव्या माणसाला रस्ता दिसेल. परदेशात अशी घरं गाडीमागे लावून लोक फिरतात म्हणे. तू कधी चित्रातही पाहिलं नव्हतंस. तुला फक्त बायकोला झोपवून माहेरी न्यायचं होतं. आपल्या कोपरखैरण्यात त्याला नाव पडलं सदाचा डबा.

आता चूक. ती आपल्या तिघांची. तिसरा म्हणजे वहिनींचा भाऊ प्रकाश. त्या सुमारास घरोघरी वास्तूचं वेड आलं होतं, लोक सोसायटीतले संडास फोडून इकडचे तिकडे करत होते. प्रकाशनं रविवारचे चार वर्ग केले होते आणि त्याच्या गळ्यात होकायंत्र आलं होतं. डब्यात शिरून तो गोल फिरला आणि म्हणाला, "भावोजी, चूल इथे चालणार नाही. अग्नी आग्नेयेला पाहिजे."

वहिनींनी मान डोलावली. म्हणाल्या, "आई पहिलं तेच विचारेल, चूल कुठे आहे."

झालं. शेडमध्ये डबा ज्या तोंडानं उभा होता, त्या हिशेबानं आग्नेय आली मागच्या टोकाला. मग चूल मागे, चुलीजवळ सिलिंडर, सिलिंडरपासून लांब नको म्हणून पाण्याची टाकी, आणि आईला दाखवायचा म्हणून वहिनींचा लग्नातला पाटा, वरवंट्यासकट, तोही मागेच. पूजा झाली, नारळ फुटला. शेडच्या गेटाबाहेर काढून डबा उजवीकडे वळवला की आग्नेय कुठल्या कुठे जाते, हे तुझ्यासारख्या कारागिराला, माझ्यासारख्या आयुष्यभर ट्रकांचे रस्ते लिहिणाऱ्याला, होकायंत्र गळ्यात घातलेल्या प्रकाशला, कुणालाही सुचलं नाही. घरालाही चाकं असू शकतात ही गोष्ट आपल्या डोक्यात बसतच नव्हती.

किती ओझं ओढायचं ते कळावं म्हणून तुर्भ्याला तो काटा केला. मग निघाला गाडीचा शोध, आणि तिथे मी आलो.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या लिहायचो. पण संध्याकाळी तुमच्या गॅलरीत चहा घेताना मी फक्त कारकून कधीच नव्हतो. लष्करात माझा एक मामा होता, एवढं खरं. एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे तेजपूरला गेलो होतो, तेही खरं. त्यापुढे मी तुला सांगितलं की डोंगरातून मी तोफ ओढून नेली. पहिल्या वर्षी नुसती तोफ होती. दुसऱ्या वर्षी पूल तुटला. तिसऱ्या वर्षी तोफेवर हत्ती बसला, कारण नदीला पूर होता आणि त्याला कुठे सोडणार. वहिनींना तो हत्ती फार आवडायचा. तू ऐकून घ्यायचास, कप खाली ठेवायचास आणि विचारायचास, "हत्ती उतरला कसा?"

पण डबा तयार झाल्यावर तू पहिल्यांदाच गंभीरपणे विचारलंस. "मन्या, तू ओढलंयस. काय घेऊ?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला गाडी येते सदा, पण एक गाडी येते. एकामागे एक जोडलेल्या दोन मी बापजन्मात चालवल्या नव्हत्या. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, "जीप. लष्करी. दुसरं काही बघू नकोस."

कळंबोलीला जुन्या गाड्यांचे दलाल बसायचे. आपण चार रविवार तिथे काढले. तुझी पद्धत बघून दलाल हवालदिल व्हायचे. रंग, सीट, हेडलाइट यांच्याकडे तू ढुंकूनही बघायचा नाहीस. सरळ पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचास, हातात बॅटरी. बाहेर तुझ्या फक्त चपला. मी दलालाला हत्तीची गोष्ट सांगेपर्यंत खालून ठकठक ऐकू यायची. मग तू बाहेर यायचास, पाठ झटकायचास आणि सगळ्यांना एकच विचारायचास, "थांबते का?"

"साब, पळते बघा ना. पाण्यावानी पळते."

"पळू दे. थांबते का?"

एकालाही त्याचं उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे गाडी विकताना ती किती पळते तेच सांगतात. थांबण्याची हमी कोण देणार.

लिलावातून आलेली हिरवी पेट्रोल जीप मी शोधून काढली होती. तिचं इंजिन चालू केलं की शेजारच्या गॅरेजातले मेकॅनिक उठून उभे राहायचे. मी म्हणालो, "आवाज ऐक सदा, आवाज."

"आवाज मला तुझाही ऐकू येतो," तू म्हणालास. "ही आखूड आहे. मागचं ओझं हिलाच फिरवेल."

मग सहाचाकी छोटा ट्रक पाहिला. ताकद अफाट, ब्रेकही चांगले. तू तो रिकामा चालवून पाहिलास, दोन खड्ड्यांवरून नेलास आणि उतरलास. "याच्यामागे खडी बांधावी. स्प्रिंगचे पाटे इतके कडक आहेत की प्रत्येक खड्डा दांड्यातून डब्यात जाईल. डॉक्टरनं बसवलेले मणके हा पनवेलपर्यंत काढून हातात देईल."

मी जीप सोडेना. तू ओझ्याचं बोलायचास, मी तोफेचं. ओढणं महत्त्वाचं की थांबणं, यावर आपण दोघं तुमच्या गॅलरीत इतके भांडलो की खालच्या मजल्यावरचे देशपांडे वर येऊन म्हणाले, कुठल्यातरी एका निर्णयावर या, आमचं टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही. शेवटी तू म्हणालास, "ठीक आहे. तू चालवून दाखव. तू ओढलंयस, मी नाही."

दलालाकडून जीप एका सकाळपुरती मागून आणली. करावेच्या बाजूला तेव्हा नव्या सेक्टरांसाठी रस्ते आखून ठेवले होते, इतके रुंद की विमान उतरावं, आणि त्यावर चिटपाखरू नाही. दोन्हीकडे मिठागरं. वहिनींना घरीच ठेवलं होतं. त्यांच्याऐवजी खाटेवर त्यांच्या वजनाइतक्या सिमेंटच्या गोण्या टाकल्या होत्या. घरी सांगताना तू एक गोणी कमी सांगितलीस. टाकी काठोकाठ भरली, कारण संसारात टाकी भरलेलीच असते. तू माझ्या शेजारी बसलास. प्रकाश मागून स्कूटरवर.

पहिली पाच मिनिटं मी राजा होतो. हात खिडकीबाहेर, शीळ घालतोय. मग मी वेग वाढवला आणि मागून जीपला कुणीतरी हलकेच खांद्याला धरून हलवल्यासारखं झालं. एकदा डावीकडे. मग उजवीकडे. आरशात पाहिलं तर डबा वरातीतल्या घोड्यासारखा डोलत होता. जीपचं बूड वर उचललेलं, मागची चाकं हलकी पडलेली. तू शांतपणे म्हणालास, "ब्रेक मारू नकोस. नुसता पाय काढ." आणि मी, तोफवाला, कचकन ब्रेक मारला.

पुढचं मी नंतर बऱ्याच ठिकाणी बऱ्याच पद्धतीनं सांगितलं. खरं इतकंच की जीप थांबली आणि डबा थांबला नाही. तो शेजारून पुढे आला, आपल्याला रस्त्याच्या कडेला घेऊन गेला आणि एका मिठागरात अर्धा उतरून बसला. पाटा पत्रा फोडून बाहेर आला. सिमेंटच्या गोण्या फुटल्या. दार उघडलं तर खाटेवर काय शिल्लक होतं ते मी सांगत नाही. तू दारात उभा राहून त्या खाटेकडे बघत राहिलास.

मग तू विचारलंस, "काय झालं?"

मी म्हणालो, "म्हैस आडवी आली."

त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मैलभर सपाट मीठ होतं. मांजर आलं असतं तरी पनवेलहून दिसलं असतं. तू इकडे पाहिलंस, तिकडे पाहिलंस आणि म्हणालास, "म्हैस का? बरं."

म्हैस नव्हती, सदा. हे मी इथे छापील अक्षरात लिहून टाकतो.

आपल्याला बाहेर काढलं ते हिरामण पाटलानं. करावेचा माणूस, खाडीत मासेमारी करणारा. बर्फ घेऊन आपल्या डिझेल पिकअपमधून चालला होता. पुढे दोघांची केबिन, मागे लांब उघडा हौदा, आणि बोंबलाचा असा वास की तो आधी पोचला, गाडी नंतर. त्यानं होडी ओढायचा दोर काढला, डब्याला बांधला आणि पिकअपनं असा अलगद वर घेतला की टाकीतलं पाणी हललं नाही. मग कमरेवर हात ठेवून त्यानं विचारलं, "कोन चालवत होता?"

"मी," मी म्हणालो.

"कंदी होडी ओढलीस का?"

"तोफ ओढली आहे."

"मंग तोफच ओढायची," हिरामण म्हणाला. डब्याभोवती फिरला, मागच्या टोकाला चूल, सिलिंडर, टाकी पाहिली आणि तुझ्याकडे वळला, कारण माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे त्याला कळलं होतं. "समदा वजन मागं ठेवलाव तुमी. नाक जड पायजे. मी खाडीतून होडी वर आनतो ना, तिचा नाक गारीवर दाबून बसला पायजे. नायतर ती तुमालाच वल्हवते."

प्रकाशनं होकायंत्र शर्टाच्या आत सरकवलं.

आणि तू काय केलंस? मिठाच्या चिखलात तिथल्या तिथे आडवा झालास आणि हिरामणच्या पिकअपखाली सरकलास. मी आणि हिरामण तुझ्या चपलांकडे बघत उभे. बर्फ वितळत होता. पाऊण तास गेला असेल, म्हणजे दहा मिनिटं. खालून आवाज आला, "मागचा ॲक्सल हा नव्हे तो. मोठ्या गाडीचा बसवलाय."

"व्हय. सोता बसवलाय."

"थांबते का?"

हिरामण म्हणाला, "उतारावर होडी मागं आसते आनि पुढं पानी आसतं. थांबली नसती तं मी तुमच्याशी बोलत नसतो."

चार रविवारांत पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं होतं. तू बाहेर आलास तेव्हा तुझी पाठ पांढरी होती आणि निर्णय झालेला होता.

हिरामणला गाडी विकायची नव्हती. तुम्हा दोघांत काय ठरलं ते तुम्हालाच माहीत. मला एवढंच दिसलं की पुढच्या महिन्यात करावेच्या बंदरावर रबाळ्याच्या पत्र्याची, दुहेरी भिंतीची एक बर्फपेटी येऊन बसली आणि पिकअप आपल्या सोसायटीत आली. वॉचमननं पहिल्याच दिवशी तक्रार केली की मांजरं मोजता येत नाहीत. तू ती चिंचेनं धुतलीस, लिंबानं धुतलीस, राख फासलीस. वास काही गेला नाही.

मग तू डबा पुन्हा उघडलास. चूल, टाकी, सिलिंडर सगळं पुढे आणलंस. प्रकाश येऊन उभा राहिला, चेहरा पडलेला. बहिणीसाठी मनापासून केलं होतं रे त्यानं. तू त्याला हाताशी घेतलंस आणि म्हणालास, "प्रकाश, डबा जाणार कुठे?"

"वाईला."

"वाई इथून कुठल्या दिशेला?"

प्रकाशनं होकायंत्र बाहेर काढलं, मी भिंतीवरचा नकाशा पाहिला. वाई आग्नेयेला. म्हणजे माहेरी निघालेल्या डब्याचं नाकच आग्नेयेला असणार, आणि चूल नाकाशी. प्रकाश इतका खूश झाला की त्यानं स्वतः टाकीचे नट आवळले. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण अशी एक थाप, जी खरीही आहे आणि समोरच्याचा मानही राखते, मला कधी जमली नाही.

डब्याच्या चाकांना तू स्वतंत्र ब्रेक बसवलेस. गाडी हळू झाली आणि डब्यानं पुढे ढकललं की त्याचे त्यालाच लागायचे. पंधरा दिवस तू आणि हिरामण त्या रुंद रस्त्यावर गोण्या घालून फेऱ्या मारत होतात. मला तू एकदाही बोलावलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "म्हशी फार आहेत तिकडे."

निघायच्या दिवशी मी गॉगल घालून ड्रायव्हरच्या दाराशी उभा होतो. तू किल्ली हातात घेऊन आलास. "मन्या, तू मागे बस. नलूजवळ."

"मागे? अरे घाट आहेत. तू दमशील. मी—"

"तू तिला गोष्टी सांग."

मला राग आला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. शेवटी बैठ्या लाकडी स्टुलावर, मिरच्यांच्या बरणीशेजारी, एक हात खाटेला धरून मी बसलो. पुण्यापर्यंतच्या घाटात तू इतक्या हळू चढवलीस की दोनदा एक कुत्रा आपल्या पुढे गेला. मागे ट्रकांची रांग खोपोलीपर्यंत. वहिनींनी खिडकीची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मी तोफ काढली. मग पूल. मग हत्ती. कात्रजला हत्तीचं लग्न झालं. खंबाटकी उतरताना पुढून चाकांचा करकर आवाज आला, वहिनींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भाऊजी, थांबू नका. हत्तीण कुठली होती?" मला स्वतःलाच माहीत नव्हतं ती कुठली. मी म्हणालो, "वाईची." त्या हसल्या आणि डबा सपाटीला लागला.

म्हातारी उंबऱ्याशी उभी होती, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. डबा अंगणात आला. तिनं आधी नाक वर केलं आणि म्हणाली, "जावई मासे खायला लागले का?" मग तिला दोघांनी धरून वर चढवलं. तिनं चाचपत चाचपत भिंत पाहिली, रेक्झिन पाहिलं, विचारलं, "चूल कुठे आहे?" वहिनी म्हणाल्या, "पुढे आहे, आई."  म्हातारी लेकीच्या शेजारी त्या अरुंद खाटेवर आडवी झाली आणि लुगड्याचा पदर तिच्या तोंडावरून फिरवत राहिली. मी बाहेर आलो.

तू त्या वेळी बाहेर रडत होतास असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे तू एकेका चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर तळहात ठेवून ते किती तापलेत ते बघत होतास. मी जवळ आलो तर म्हणालास, "डावीकडचं जरा जास्त धरतंय." मी म्हणालो, "जीप असती तर तापलंच नसतं." तू म्हणालास, "जीप असती तर आपण मीठ विकत बसलो असतो."

त्यानंतर सहा फेऱ्या झाल्या. सहाही वेळा तू पुढे, मी मागे. मी प्रत्येक वेळी जीपचं काढत राहिलो, तू प्रत्येक वेळी म्हशीची चौकशी करत राहिलास. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, मी तसं दाखवलं नाही. गेलं वर्षभर तू रिकाम्या रस्त्यावर पिकअप उभी करायचास, खाली उतरायचास आणि म्हणायचास, "मन्या, ये. जरा बसून बघ." मी कधी गुडघा पुढे केला, कधी चष्म्याचा नंबर, एकदा तर मंगळवार आहे म्हणालो. तुला काहीतरी जाणवत होतं का, की नुसतीच हौस, मला माहीत नाही. विचारलं नाही. गेलास ते शेडमध्ये, दुपारी जेवून जरा आडवा झालास तो. तेव्हाही बाहेरून फक्त चपला दिसत होत्या. लोकांना वाटलं तू कुठल्यातरी गाडीखाली आहेस, म्हणून तासभर कुणी हाक मारली नाही.

तुझे आभार वगैरे मी मानत नाही. तुला ते चाललं नसतं, आणि मला ते सरळ जमलं नसतं, मध्ये एखादा हत्ती आलाच असता. पण गाडी कशी निवडायची हे मला आता कळलं आहे, आणि ते सांगायला तू नाहीस, ही जरा गैरसोय झाली.

आज सकाळी मी वहिनींकडे गेलो. रात्रभर मी जे काही रचत होतो, त्यात गुडघा होता, लायसन्सची मुदत होती, ऑफिसची रजा होती. वहिनी दिवाणावर आडव्या होत्या, पोटावर ताट ठेवून मटार सोलत होत्या. पिकअपची किल्ली खिडकीत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "वहिनी, मी जन्मात कधी काही ओढलेलं नाही. तोफ नाही, ट्रेलर नाही, हातगाडीसुद्धा नाही. सदाला मी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला मागे घालून घाट उतरवायचा माझ्यात दम नाही."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हिरामण सकाळी सातनंतर शिकवायला मोकळा असतो."